मतपत्रिकेवर काय छापणार, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेगळ्या विदर्भासाठी सार्वमत घ्या, ही मागणी आपल्या पत्रसदरात पुन्हा वाचली. मी विदर्भातला नाही, गोव्यातल्या पेडण्याचा. पण सार्वमतात स्वतः मत दिलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

16 जानेवारी 1967 रोजी गोव्याचे सार्वमत झाले, तेव्हा मी 22 वर्षांचा होतो. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. आमच्या घरात, देवळात, शाळेत मराठी. मी फुलावर शिक्का मारला. दोन पाने 34,021 मतांनी जिंकली. वाईट वाटले, पण कौल मानला. माझ्या थोरल्या भावाला मात्र दोन्ही नको होते. गोव्याचे स्वतःचे राज्य व्हावे, असे तो म्हणायचा आणि त्या कागदावर त्याला जागाच नव्हती. शिक्का कुठे मारला, ते त्याने कधीच सांगितले नाही. गोवा राज्य झाले 1987 साली. तेव्हा भाऊ हयात नव्हता.

माझी मुलगी पोर्तुगालमध्ये असते. तिच्या शेजारच्या बाई कोविल्यांच्या, म्हणजे डोंगरातल्या लोकरीच्या गिरण्यांच्या गावच्या. त्यांच्याकडून तिथल्या सार्वमताची हकिकत ऐकली आणि भाऊच आठवला. प्रशासकीय प्रदेश निर्माण करण्याचे वचन तिथल्या 1976 च्या राज्यघटनेत आहे. लोकांपुढे विषय आला तो 8 नोव्हेंबर 1998 ला, आणि तोवर आठ प्रदेशांचा नकाशा कायद्याने ठरूनही गेला होता. प्रश्न दोन : प्रदेश हवेत का, आणि तुमच्या भागासाठी ठरलेला प्रदेश मान्य आहे का? बाईंना प्रदेश हवा होता. पण नकाशात त्यांच्या बैरा प्रांताचे दोन तुकडे केलेले, किनारा वेगळा आणि डोंगर वेगळे. आमची रिकामी होत चाललेली गावे एकटी कशी तगणार, म्हणून त्यांनी दोन्ही प्रश्नांना ‘नको’ म्हटले. ‘प्रदेश हवा, हा नकाशा नको’ असे लिहायला त्यांनाही जागा नव्हती.

साठ टक्क्यांहून अधिक मते विरोधात गेली. मतदान निम्म्याहूनही कमी झाले, म्हणजे कायद्याने तो निकाल बंधनकारक नव्हता. तरीही विषय तिथेच थांबला. आसोरिश आणि मादैरा बेटांना स्वतःची सरकारे आहेत, मुख्य भूमीवर आजही एकही प्रादेशिक सरकार नाही. आपल्या मडगावशी नाते सांगणारे आंतोनियु कोश्ता पंतप्रधान असताना 2024 मध्ये पुन्हा सार्वमत घेण्याचे घाटत होते, तेही झाले नाही.

आपल्याकडे राज्य करणे-मोडणे घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेच्या हाती आहे, त्यासाठी सार्वमत लागत नाही. तरी ते घ्यायचेच असेल, तर मागणी करणाऱ्यांनी मतपत्रिकेचा मसुदा आधी याच सदरात छापावा. वेगळे राज्य नको, पण विकासाच्या पैशावर आपला हक्क हवा, असे म्हणणारा गडचिरोलीचा किंवा बुलढाण्याचा माणूस शिक्का कुठे मारणार, ते मला त्यात पाहायचे आहे.

आपला,
एक जुना वाचक, पेडणे, गोवा