समोरच्या काकूंना, आईंच्या आणि चिंगीच्या वतीने

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

आभार दारात उभं राहूनही मानता आले असते. पण हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कुत्र्याची अंगावर उड्या मारायची सवय घरच्यांना एकट्याने सोडवता येत नाही. त्याला बाहेरचं माणूस लागतं, तेही रोज येणारं, न कंटाळणारं. आम्हाला तुम्ही मिळालात.

आमची चिंगी डॅशहंड जातीची कुत्री, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. त्यामुळे "एवढीशी तर आहे, उडू दे की" म्हणणारेच जास्त. लॅब्रेडॉर अंगावर आला तर लोक ओरडतात, छोटं कुत्रं आलं तर उचलून घेतात. आमच्या घरी मात्र हा प्रश्न गंभीर होता. आई रक्त पातळ करणारी गोळी घेतात. नडगीवर नखाचा ओरखडा उठला की रक्त लवकर थांबत नाही, आणि तोल जाऊन पडल्या तर खुब्याच्या हाडाची भीती. शिवाय चिंगीची स्वतःची पाठ. या जातीत मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक व्हायला लागतात. त्यातली एखादी सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून डॉक्टरांनी तिला सोफ्यावरूनही उडी मारू देऊ नका असं बजावलं होतं.

ही सवय मोडायची पद्धतही डॉक्टरांनीच समजावून सांगितली. पिल्लं मोठ्या कुत्र्यांचं तोंड चाटून त्यांना भेटतात, आणि आपलं तोंड उंचावर असतं म्हणून ती उडी मारतात. त्यांना आपलं लक्ष हवं असतं. रागावणं, हाताने ढकलणं हेही त्यांच्या हिशेबी लक्षच. तेव्हा उडी मारली की काहीच मिळता कामा नये, आणि चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी खाऊ. उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला ते कुत्र्याला कळत नाही. हे सगळं पटलं, पण घरच्यांवर चिंगी फारशी उडायचीच नाही. तिला वेड पाहुण्यांचं. मी हे जिन्यात तुमच्याशी बोलले आणि तुम्ही लगेच म्हणालात, "मग मी पाहुणी होते की."

त्यानंतर पावसाळाभर संध्याकाळी तुमची बेल. मी चिंगीचा पट्टा धरून उभी, दार उघडं, आणि तुम्ही हाताची घडी घालून तिच्याकडे पाठ करून उभ्या. ती थांबली की वळायचं, पुन्हा उडाली की पुन्हा पाठ. तुमच्याकडे मांसाहार चालत नाही, म्हणून तुम्ही घरूनच पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करून आणायचात आणि तिच्या नाकाच्या उंचीवर हात नेऊन भरवायचात. हात वर राहिला तर तीच उडीची हाक ठरते, हे तुम्हाला एकदाच सांगावं लागलं.

मधले काही दिवस फार कठीण गेले. सवय सुटण्याआधी एकदा उसळी मारते. आजवर चालत आलेली युक्ती चालेनाशी झाली की कुत्रं तीच दुप्पट जोराने करून बघतं. नेमके त्याच दिवसांत लोक माघार घेतात, एखाद्या वेळी "बरं, ये" म्हणतात, आणि जोर लावला की मिळतं हे कुत्रं शिकतं. त्या आठवड्यात चिंगीची नखं तुमच्या निऱ्यांत अडकली, साडीचे धागे निघाले. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जुनी साडी नेसून आलात आणि बेल वाजवलीत. काकू, या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

कुणी छातीत गुडघा मारायला सांगितला, कुणी मागच्या पंजावर पाय द्यायला. मला तो क्रूरपणा वाटतो, आणि असल्या पाठीच्या कुत्र्याला तर त्याने इजाच व्हायची. तुम्ही त्या सगळ्यांना शांतपणे नाही म्हणालात. लिफ्टमध्ये तिला कुरवाळायला वाकणाऱ्यांनाही थांबवलंत, "आधी तिला बसू द्या, मग लाड करा." तुमची नात चिंगीला बघून हात उंचावून किंचाळायची. तिला हात पोटाशी घेऊन गप्प उभं राहायला तुम्हीच शिकवलंत. मला शेजाऱ्यांना हे सांगायचा संकोच वाटत होता, तुमचं मात्र सगळे ऐकायचे.

आता बेल वाजली की चिंगी धावते, शेपटीबरोबर तिची अख्खी पाठ हलते, पण उंबऱ्याशी येऊन ती बसते आणि वर बघते. भाचा आला की अजून विसरते, तिथे काम बाकी आहे. आई मात्र कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायच्या, त्या परवा स्वतः दार उघडायला गेल्या. कुरिअरवाल्याची सही करून परत येईपर्यंत चिंगी त्यांच्या पायाशी बसून होती. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही सगळे येऊच. चिंगीलाही आणायची परवानगी द्या. ती शिकली आहे ती आपल्या दारात, दुसऱ्याच्या दारात कुत्र्यांना तेच पुन्हा शिकवावं लागतं. पनीर या वेळी मी आणेन.

तुमची,
समोरच्या घरातली सून