वड खाणारी सावित्री

नौपाडा, ठाणे
६ जुलै

प्रिय अव्या,

पाकीट बघून दचकला असशील. घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन करता आला असता, पण तू तिसऱ्या मिनिटाला "बरं, ठेवू का?" म्हणतोस, आणि मला सांगायचंय ते तीन मिनिटांत बसत नाही. मंगलही म्हणाली, लिहूनच पाठव.

मागे तू म्हणाला होतास ना, रात्री झोप लागत नाही, एखादा सिनेमा सुचव, फक्त मरणाचा नको. तर मी नेमका मरणाचाच बघून आलोय. तुला सुचवावा की नाही ते ठरत नाहीये, म्हणून आधी सगळा सांगतो, शेवटासकट. मग तू बघ.

सोसायटीच्या हॉलमधला आमचा शेवटचा शनिवार तुला माहीतच आहे. तू होतास तेव्हा चादर बांधायचो, आता पडदा घेतलाय. पण खालच्या कोपऱ्यात एक सुरकुती जात नाही, त्यामुळे प्रत्येक सिनेमात कुणाचा ना कुणाचा गुडघा वाकडा दिसतो. या खेपेला निवड ए विंगमधल्या सीए करणाऱ्या पोरीची. 'द फाउंटन', २००६ चा, डॅरन अ‍ॅरोनॉफ्स्की नावाच्या दिग्दर्शकाचा. माणसं सोळा. बाहेर पाऊस असा की पत्र्याच्या आवाजात निम्मे संवाद वाहून गेले. खाली अक्षरं येत होती, पण आपली ज्येष्ठ मंडळी चष्मा घरी ठेवून सिनेमाला येतात.

गोष्ट अशी. ह्यू जॅकमन आणि रेचल वाइझ, एकच जोडी तीन काळांत. मधला काळ आजचा. हा टॉम, प्रयोगशाळेत माकडांच्या मेंदूतल्या गाठींवर औषध शोधतोय, कारण बायकोच्या, इझीच्या, मेंदूत गाठ आहे. ती हाताने एक कादंबरी लिहितेय. त्यात स्पेनच्या राणीचा एक शिलेदार माया लोकांच्या जंगलात अमृताचं झाड शोधायला निघतो, तो दुसरा काळ. तिसऱ्यात एक टकलू माणूस पारदर्शक बुडबुड्यात पद्मासन घालून, एक वठत चाललेलं झाड सोबत घेऊन, अंतराळात मरणाऱ्या ताऱ्याकडे चाललाय. तो भविष्यातला टॉम, की टॉमच्या मनातला, की कादंबरीचं शेवटचं प्रकरण, यावर आमच्याकडे अजून लिफ्टमध्ये वाद चालू आहेत. ते प्रकरण इझी लिहीतच नाही. नवऱ्याला म्हणते, तू पुरं कर.

एवढं मी तुला सरळ लावून सांगितलं. सिनेमा असा लावून देत नाही, भाजीत मीठ टाकावं तसे तिन्ही काळ एकमेकांत टाकतो. विसाव्या मिनिटाला बँकेतून निवृत्त झालेले आपले काका मोठ्याने म्हणाले, "हा आत्ता कुठल्या सालात आहे?" कुणी उत्तर देईना. दहा मिनिटांनी परत, "माझं टॅली होत नाहीये." योगवर्गाच्या बाईंचं म्हणणं, इतकी वर्षं बसून प्रवास करणाऱ्याची मान अशी पुढे येणार नाही. बी विंगमधला तो आयटीवाला दर पाच मिनिटांनी "वा" म्हणत होता. कशाला म्हणतो ते बघायला मी एकदा वळून पाहिलं, तर तो डोळे मिटून संगीत ऐकत होता. खोटं कशाला बोलू, संगीत आहेच तसं.

सिनेमा जेमतेम ९६ मिनिटांचा, त्याला इंटरव्हल नाही. पण वडे आले. गजाननचे, पिवळी चटणी वेगळ्या पिशवीत. ते आले नेमके इझी संग्रहालयात कोसळते तेव्हा. पोरीने थांबवू नका म्हणून हात जोडले, पण गरम वड्यापुढे कुणाचं काय चालतं? पडद्यावर ती बाई अर्धवट पडलेली, आणि खाली चेअरमन विचारतायत, चटणी अजून आहे का. मला हसू आलं आणि नंतर हसू आल्याची लाज वाटली. मग वाटलं, आपण तुझ्या घरी काय वेगळं केलं होतं? आत नीताला सलाइन चालू, आणि बाहेर आपण दोघं शिळी पोळी कुस्करून दह्यात कालवून खात होतो.

इंटरव्हलला काका गेले, दोन वडे रुमालात गुंडाळून. चौघे कॉलेजकुमार जातील असं वाटलं होतं, ते राहिले. त्यातला एक म्हणाला, "व्हीएफएक्स कसलं भारी आहे!" यावर पोरगी अशी काही खुलली! ते आकाशातले सोनेरी ढग, तेजोमेघ, ते बरेचसे कॉम्प्युटरवर केलेलेच नाहीत म्हणे. पीटर पार्क्स नावाच्या माणसाने काचेच्या छोट्या बशीत रसायनं एकमेकांत सोडून, ती भिंगाखाली चित्रित करून हे आकाश केलं. दिग्दर्शकाला भीती होती की कॉम्प्युटरची करामत चार वर्षांत जुनाट दिसेल. पोरं गप्प झाली. आकाशगंगा म्हणून आपण जे तोंड उघडं टाकून बघितलं, ते बशीत मावत होतं.

तिनेच सांगितलं की हा सिनेमा आधी ब्रॅड पिट करणार होता. ऑस्ट्रेलियात सेट उभे राहिले, ७ कोटी डॉलरचं बजेट, आणि २००२ मध्ये तो सोडून गेला. सेटचं सामान लिलावात गेलं. मग निम्म्या पैशांत, साडेतीन कोटींत, दिग्दर्शकाने तो पुन्हा मांडला. जगभरातून कमाई दीड-पावणेदोन कोटींच्या आसपास. म्हणजे धंदा म्हणून बुडाला. आणि २००६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पत्रकारांच्या खेळाला लोकांनी हुर्यो केली, तर दुसऱ्या दिवशीच्या खेळाला प्रेक्षक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. हे ऐकल्यावर मला आपल्या हॉलबद्दल जरा बरं वाटलं. पुनर्विकासाच्या ठरावावर सात वर्षं ज्यांचं एकमत होत नाही, त्यांचं यावर कुठून होणार?

सिनेमा संपल्यावर जी जुंपली! चेअरमन म्हणाले, सोसायटीच्या विजेवर असली कोडी नकोत. आयटीवाला म्हणाला, ज्याला कळला नाही त्याने स्वतःकडे बघावं. हे मला अजिबात आवडलं नाही. सिनेमा न कळणं म्हणजे काय पाप आहे का? पण सगळ्यात बेस्ट बोलल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या पूर्ण वेळ जपमाळ ओढतायत असं आम्ही समजत होतो. म्हणाल्या, "अरे, ही सावित्रीच की. बाप्या सावित्री. फक्त ही वडाला फेऱ्या घालत नाही, वडच खायला निघालीय." अव्या, खरंच तो बुडबुड्यातला माणूस झाडाची साल काढून खातो! जगायला. नुकतीच वटपौर्णिमा झालेली, बाहेरच्या वडाला अजून दोरे गुंडाळलेले. सगळा हॉल हसला. आजी हसल्या नाहीत. "यम परत देत नाही म्हटल्यावर याने करायचं काय, ते दाखवलंय," म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. आजोबा जाऊन त्यांना तीस वर्षं होतील.

माझं मत विचारशील तर सिनेमा हावरा आहे. एका माणसाने एका ताटात तीन लग्नांचं जेवण वाढून घ्यावं तसा. बुडबुड्याचा भाग मला लांबलेला वाटला, आणि जिथे अर्थ पुरत नाही तिथे संगीत ओतलंय. शिवाय सगळे किती गंभीर! ज्या घरात आजारपण आहे तिथे माणसं एवढी गंभीर नसतात हे तुला मी सांगायला नको. नीताने केस गेल्यावर तुझी माकडटोपी घालून वॉचमनला सलाम ठोकला होता. असं एक दृश्य टाकलं असतं तर मी त्याला अर्धा बुडबुडा माफ केला असता.

पण एक जागा आहे. सुरुवातीलाच इझी त्याच्याकडे येते, मोसमातला पहिला बर्फ पडतोय, म्हणते चल, चालून येऊ. त्याला ऑपरेशन आहे, माकडाचं. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. तो नाही म्हणतो. ती हसून जाते. सिनेमा पुन्हा पुन्हा त्या दाराशी येतो. औषध अखेर लागू पडल्याची बातमी येते तेव्हा तिचा श्वास थांबलेला असतो. मधे त्याची लग्नातली अंगठी हरवते, तर तिच्याच टाकाने बोटाभोवती शाईचं वळं टोचून घेतो. आणि अगदी शेवटी पुन्हा ते दार, तीच हाक, आणि या वेळी तो सगळं टाकून तिच्यामागे बर्फात धावतो. मग तिच्या थडग्यावर एक बी पुरतो. संपलं.

नंतर कळलं की दिग्दर्शकाच्या आई-वडिलांना, दोघांनाही, कॅन्सर निघाला होता, तेव्हा त्याच्या डोक्यात हे आलं. मला ते आधी माहीत असतं तर बर्फाच्या जागी मी एवढा बेसावध नसतो.

त्या जागेला मंगल उठून बाहेर गेली. मला वाटलं, कंटाळली. बाहेर येऊन बघतो तर चपलांच्या ढिगाशी उभी, वडा हातात तसाच, गार. घरी जायला दोन मिनिटं लागतात, पण म्हणाली, चल जरा. एका छत्रीत घंटाळीपर्यंत गेलो. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली थांबलो आणि तिने मला जे सांगितलं, ते तिने दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. त्यासाठी हे पत्र. बाकीची प्रस्तावना समज.

तुला तो दिवस आठवत असेल. त्या जूनमध्ये पाऊस पहिल्यांदा धरून पडला, तू नीताच्या बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन सेकंड ओपिनियनला परळला गेला होतास. सकाळी ती तुला म्हणाली होती, उपवनला जाऊ या, पाऊस बघू. तू म्हणालास, रक्तातल्या पेशींचे काउंट वर आले की जाऊ. हे तू मला स्वतः सांगितलंयस, तेराव्याच्या रात्री गच्चीत, आणि नंतर दोनदा. तुला वाटतं, ती गेलीच नाही.

ती गेली होती, अव्या. तू निघाल्यावर तिने मंगलला फोन केला, "ये, आणि रिक्षा घेऊनच ये." मास्क, वर ओढणी, पायात तुझे मोजे. उपवनला पायऱ्यांवर बसल्या दोघी. समोर येऊरचा डोंगर ढगांनी पार पुसून टाकलेला. तळ्यावर थेंब असे पडत होते की पाणी उकळतंय असं वाटावं. नीताने मोजे काढून ओल्या पायरीवर पाय ठेवले. कणीसवाल्याकडून कणीस घेतलं. तोंड आलेलं, खाता येईना, म्हणून नुसतं हातात धरून वास घेत बसली. शेवटी राहवेना, तर तिखटमीठ लावलेली लिंबाची फोड जिभेला लावली. अशी झोंबली की तिने मोठ्याने शिवी दिली, ती तुझी नेहमीची. शेजारचं कॉलेजचं जोडपं दचकलं. मग दोघी इतक्या हसल्या की नीताला धाप लागली आणि मंगल घाबरली.

मंगलने विचारलं, अविनाशभावजींना सांगू? तर म्हणाली, "नको. तो माझे काउंट मोजत बसेल. त्याला पळू दे गं. घरी बसवला तर रडत बसेल, ते मला नाही बघवायचं." आणि शपथ घातली. चार वाजता घरी. तू साडेसहाला आलास, दमून. मंगल म्हणते, तू दारातच म्हणालास, "आज चेहरा बरा दिसतोय तुझा," आणि स्लाइड्स जमा झाल्याची पावती दाखवलीस.

शपथ मोडायला मंगलला मी सांगितलं नाही. तिने त्या पत्र्याखाली स्वतःच मोडली आणि म्हणाली, आता त्याला कळायला हवं. इतकी वर्षं बरोबर राहून मी तिला असं रडताना पाहिलेलं नव्हतं. रागावणार असशील तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नको. काउंट किती होते तेव्हा, ते मी तुझ्या जुन्या मेसेजमध्ये शोधायला घेतलं होतं. मग फोन ठेवून दिला.

सिनेमा बघायचा की नाही ते आता तुझं तू ठरव. बघायचाच असला तर बाणेरला लेकाच्या घरी एकट्याने रात्री बघू नकोस. इकडे ये, आपण दोघं बघू, वडे आधीच खाऊन घेऊ. काकांनाही बोलवू, त्यांचं टॅली व्हायचं राहिलंय.

आणि हो, घर रिकामं करताना तू मला दोनदा विचारलं होतंस, नीताची जांभळी छत्री कुठे गेली. ती आमच्याकडे आहे, पलंगाखालच्या बॅगेत. त्या दिवशी मंगलच्या हातात राहिली आणि परत कशी करायची ते तिला सुचलं नाही. एक काडी वाकलीय, पण उघडते.

तुझा,
दिल्या