सिस्टर मावशी, हॉलची किल्ली मिळाली नाही ते बरंच झालं

प्रिय सिस्टर मावशी,

सलाम. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा झाला का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. लेकाला आधी विचारलं. "नाव नको, बाकी लिही," म्हणाला.

लेंटमधले, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातले, ते चार शनिवार. तुम्ही आम्हा बायकांना शरीराबद्दल आणि लैंगिकतेबद्दल उघड सांगणार होतात. "देवाच्या घरात तसले विषय नकोत" म्हणून चर्चच्या हॉलची किल्ली ऐन वेळी अडकली. (कोणी अडकवली ते जाऊ द्या, त्यांच्याही घरात मुलं आहेत.) तुम्ही वाद घातला नाहीत. शरणपूर रोडच्या तुमच्या घरी ओट्यावर सतरंजी टाकलीत, संडेस्कूलचा जुना फळा भिंतीला टेकवलात आणि खडूने लिहिलंत : योनी. माझ्या शेजारणीने पदर तोंडाला लावला. "'तिथं दुखतंय, तिथं' म्हणत म्हणत बायका दवाखान्यात किती उशिरा येतात, ते मी ड्युटीवर पाहिलंय," एवढंच तुम्ही म्हणालात. आपल्यात घरटी एक नर्स, तरी घरात हे शब्द नाहीत!

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस 9 ते 14 वयात द्यावी म्हणालात, तेव्हा कुणीतरी विचारलंच, "पण मुली बिघडल्या तर?" "गोवरची लस दिली म्हणून कोणी गोवर शोधायला गेलं का गं?" ओटा हसला. मी मात्र पुढच्या शनिवारी हसू शकले नाही. तुम्ही एचआयव्हीबद्दल सांगत होतात : सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषधं फुकट, आणि रोज गोळ्या घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला की तो शरीरसंबंधातून दुसऱ्याला जात नाही. मी सतरंजीचे दोरे उसवत बसले. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आम्ही सगळ्यांना टीबी सांगितला होता. आजवर तेच सांगत आले. खांदा द्यायला मोजकी माणसं आली होती.

लेकाचं मला नाताळात कळलं होतं. नात्यातल्या एकाने 'प्रार्थनेने बरा करणारा' माणूसही ठरवला होता. सगळे गेल्यावर तुम्हाला सांगितलं, तर म्हणालात, "आजारच नाही तर बरं काय करणार?" जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि असा 'इलाज' करणं डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही 2022 मध्ये सांगितलं, हे मला त्या रात्री कळलं. मी रडत म्हटलं, माझं मन लगेच कसं वळेल? तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं काढलंत. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई 1900 ला. "मधली वर्षं तिचीही गेलीच की. पण तू मुलाचा फोन उचलत जा."

मावशी, मी फोन उचलला. फळ्यावरचा 'समलिंगी' हा शब्द त्याच्याशी बोलताना पहिल्यांदा तोंडातून काढला. तोवर माझ्याकडे 'तसला' एवढंच होतं.

चौथ्या शनिवारी पाळकसाहेब आले. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला आठवा अध्याय वाचला. रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणारा तो षंढ, वाटेत दिसलेलं पाणी, आणि फिलिप्पाने त्याला न वगळता दिलेला बाप्तिस्मा. मग कुणीतरी पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर 2023 मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा दिल्याचं काढलं. "लग्न म्हणून नाही, आणि ती कॅथलिक मंडळी, आपली नाही," पाळकसाहेब म्हणाले. "लग्नाचा नियम माझ्या हातात नाही. माझं मतही अजून ठरलेलं नाही. पण हिचा मुलगा प्रभुभोजनाला आला तर मी त्याला वगळणार नाही." मला याहून जास्त हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण 'हिचा मुलगा' असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

ईस्टरला लेक आला. उपासनेनंतर तुमच्याकडे चहाला नेला, तर फळ्यावर अक्षरं तशीच. तो डस्टर घेऊन उठला.

"राहू दे रे," तुम्ही म्हणालात, "शनिवारी नाशिकरोडच्या बायका येणार आहेत."

तुमची,
गायनमंडळात मागच्या रांगेत उभी राहणारी