आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत हवी

नवजात अतिदक्षता विभागांवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. इन्क्युबेटर, व्हेंटिलेटरची माहिती उत्तम. पण त्यात आई येते ती केवळ भेटीच्या वेळेपुरती, हे खटकले. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साधारण १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता आईच्या उघड्या छातीशी ठेवले गेले. पहिल्या २८ दिवसांत त्यांच्यातील १२ टक्के बाळे दगावली. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १५.७ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हीच शिफारस करते.

मॉनिटरच्या वायरी, नाकातली ऑक्सिजनची नळी तशीच ठेवून, टोपी घातलेले बाळ कापडाने छातीशी बांधता येते. त्यासाठी बाळंतिणीची खाट विभागाच्या आतच लागते, तिची तपासणी आणि औषधेही तिथेच. (ताज्या बाळंतिणीला बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवणे तर अमानुषच.) नव्या विभागांचे आराखडे मंजूर करतानाच या खाटांची जागा धरावी.

– एक वाचक