किक ड्रमच्या माईकची उलटी वायरिंग आणि बॉक्सवरचा २० ते २०,००० चा आकडा : तक्रार

नमस्कार कस्टमर केअर टीम,

हा माझा पाचवा मेल आहे. आधीच्या चारही मेलना तुमचं उत्तर आलं, त्याबद्दल आभार, पण एकाही उत्तरात माईक तपासायला परत पाठवा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून आता सगळं पहिल्यापासून सविस्तर लिहितेय. कृपया पूर्ण वाचा आणि तुमच्या टेक्निकल माणसाकडे पाठवा.

मी घरीच छोटा सेटअप करून बँड रेकॉर्ड करते. आत्तापर्यंत किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या बास ड्रमला, एसएम ५७ हा माईक लावत होते, चालायचं, पण त्याची रेंजच ४० हर्ट्झपासून सुरू होते आणि खाली तो हळूहळू पातळ होत जातो, त्यामुळे बीटरचा (पेडलच्या हातोडीचा) टक् यायचा पण पोटात बसणारा धप यायचा नाही. म्हणून खास किकचा माईक घ्यायचं ठरवलं आणि तुमचा घेतला. का घेतला तर बॉक्सवर मोठ्या अक्षरात २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ लिहिलंय आणि खाली "खास बास ड्रमसाठी". आधी या आकड्याबद्दल बोलते, मग वायरिंगकडे येते, कारण खरी तक्रार वायरिंगची आहे पण सुरुवात इथूनच झाली.

हा आकडा प्लस-मायनस किती डीबीमधला (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आहे ते कुठेच नाही. किती अंतरावरून मोजलाय तेही नाही. किकच्या माईकसाठी अंतर ही साधी गोष्ट नाहीये, एका दिशेचं ऐकणारा माईक आवाजाच्या जवळ नेला की लो, म्हणजे खालचा भरीव आवाज, आपोआप फुगतो, म्हणजे ५ सेंटिमीटरवरचा आलेख आणि ६० सेंटिमीटरवरचा आलेख ही दोन वेगळी चित्रं असतात. काही कंपन्या एकाच माईकचे दोन-तीन अंतरांवरचे आलेख छापतात, ते बघून माणूस ठरवू तरी शकतो की हा बीटरजवळ ठेवायचा की ड्रमच्या पुढच्या होलपाशी. आणि वरचा २०,००० तर किकसाठी काहीच सांगत नाही. बीटा ५२ए या किकच्या माईकच्या स्पेकमधे वरचा आकडा १०,००० च आहे, डी ११२ चा १७,०००, आणि हे दोन्ही माईक लोक वर्षानुवर्षं किकला लावतायत. किकमधे कामाचं काय असतं, तर साधारण ५० ते ८० च्या आसपासचा मूळ ठोका, २०० ते ५०० मधला तो डब्यासारखा आवाज जो बहुतेक वेळा कमीच करायचा असतो, आणि २ ते ५ किलोहर्ट्झमधली बीटरची टिचकी. या तीन ठिकाणी तुमचा माईक काय करतो हे मला बॉक्सवर हवं होतं. एसपीएलच्या (माईक किती मोठा आवाज झेलतो त्याच्या) जागी पण नुसतं "हाय" लिहिलंय. बीटरपासून चार बोटांवर आवाज १३० डीबीच्या वर सहज जातो, तिथे "हाय" या शब्दावर काय ठरवणार?

ठीक, घेतला. आता जे झालं ते.

२२ इंची किक, पुढच्या हेडला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, ५ इंचाचं होल, आत एक उशी दोन्ही हेडना जेमतेम टेकलेली. तुमचा माईक होलमधून आत घालून बीटरच्या दिशेने थोडा तिरका ठेवला, बरोब्बर होलच्या तोंडात ठेवला नाही कारण तिथे हवेचा झोत लागतो हे मला माहितीये. बाहेर पुढच्या हेडसमोर माझा जुना कंडेन्सर माईक, आतल्या माईकपासून ६० सेंटिमीटरवर. माझ्या इंटरफेसला (माईक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याला) चारच इनपुट आहेत, त्यामुळे किकचे दोन्ही माईक आधी एका छोट्या मिक्सरमधे एकत्र करून एकाच ट्रॅकवर घ्यावे लागतात, बाकीचे तीन स्नेअर ड्रम आणि वर टांगलेल्या ओव्हरहेड माईकना जातात. त्या मिक्सरला पोलॅरिटी (सिग्नलचं प्लस-मायनस) उलटायचं बटण नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढे कामाचं आहे.

दोन वीकएंडमधे तीन गाणी रेकॉर्ड केली. आणि किक डब्यासारखी. खालचा धप जवळजवळ गायब, मधला ढब ढब तेवढा पुढे. हेडफोनवर लेव्हल बघताना दोन्ही माईक एकेक करून ऐकले होते, एकेकटे दोघंही बरे वाटले होते, म्हणून माझं लक्ष माईककडे गेलंच नाही. मी ड्रमरला सांगितलं की तुझं ट्युनिंग गेलंय. तो बिचारा दोन तास हेड सोडवत-आवळत बसला, मग बीटरच्या बाजूचं हेडच नवीन टाकलं, उशी बदलली, फेल्टचा बीटर काढून लाकडी लावला, तरी तेच. चांगला वाजवणारा मुलगा आहे आणि त्या दिवशी घरी जाताना तो स्वतःच्याच वाजवण्यावर शंका घेत गेला. त्याला नंतर मी फोन करून सॉरी म्हणाले, पण ही गोष्ट मला अजून टोचते आणि तुम्हाला हे कळायला हवं असं मला वाटतं.

मग तुम्हाला लिहिलं. तुमचं पहिलं उत्तर, ईक्यूने (आवाजाचा एकेक पट्टा कमी-जास्त करायच्या कंट्रोलने) लो वाढवा. वाढवला, ६ डीबी, मग ९ डीबी, घुमारा वाढला पण ठोका काही आला नाही. दुसरं उत्तर, माईक जागेवरून हलवून बघा. हलवला. तिसरं आणि चौथं उत्तर सारखंच होतं, की दोन माईकमधल्या अंतरामुळे फेजचा प्रॉब्लेम येतोय (दोघांच्या लहरी जुळत नाहीत), हा युजरच्या सेटअपचा दोष आहे, प्रॉडक्टचा नाही.

या उत्तरावर मी कागद घेऊन बसले. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ६० सेंटिमीटरला पावणेदोन मिलिसेकंद लागतात. ६० हर्ट्झची एक पूर्ण सायकल १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे दोन माईकमधे फरक पडतो तो सायकलच्या जेमतेम एक दशांश, एवढ्याने ६० हर्ट्झ कापला जाऊच शकत नाही, उलट दोन्ही मिळून तो वाढायला हवा. या अंतराने कापलं जाणार ते २८५ हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे नेमका तो डब्यासारखा आवाज, जो गेला तर मला आनंदच आहे. माझ्याकडे सगळं याच्या बरोब्बर उलटं होत होतं, लो सगळा नाही तरी बराचसा कापला जात होता आणि २८५ च्या आसपासचं दुप्पट होत होतं. असं व्हायला एकच सरळ कारण, दोनपैकी एका माईकची पोलॅरिटी उलटी आहे.

तपासलं. आधी केबल, मल्टिमीटर लावून, दोन टोकांच्या प्लगमधे पिन २ ला २ आणि ३ ला ३, बरोबर. मग केबल आणि चॅनल अदलाबदल करून पाहिले, दोष तुमच्या माईकसोबतच फिरत राहिला. मग एका मित्राकडून डी ११२ आणला आणि डी ११२, माझा एसएम ५७ आणि तुमचा माईक असे तीन माईक एकमेकांना चिकटवून किकसमोर एका रेषेत धरले, तीन वेगळे इनपुट, एकच ठोका. स्क्रीनवर झूम करून पाहिलं तर डी ११२ आणि ५७ ची पहिली उसळी वर जाते, तुमच्या माईकची खाली. आरशात बघितल्यासारखं. दहा ठोके घेतले, दहाही वेळा तसंच. मग सॉफ्टवेअरमधे तुमचा ट्रॅक उलटा केला तर तिन्ही एकत्र बसले आणि लो लगेच आला. डायफ्रॅमवर (माईकच्या आतल्या पडद्यावर) हवेचा दाब आला की पिन २ वर पॉझिटिव्ह व्होल्टेज यायला पाहिजे हे सगळीकडे पाळलं जाणारं स्टँडर्ड आहे. तुमच्या माईकमधे २ आणि ३ च्या वायरी उलट सोल्डर झाल्यात किंवा कॅप्सूलच (आवाज पकडणारा भाग) उलटा जोडलाय. मी स्क्रू उघडलेला नाही, वॉरंटीचा प्रश्न नको म्हणून.

आता तुम्ही म्हणाल उलटं केल्यावर आला ना लो, मग सॉफ्टवेअरमधे उलटा करून वापरा. पुढच्या रेकॉर्डिंगला करता येईल, पण ती तीन गाणी एकाच ट्रॅकवर मिसळून गेलेली आहेत, मिसळल्यानंतर त्यातला एक माईक वेगळा काढून उलटा करता येत नाही. ती परत वाजवावी लागणार. आणि स्टेजवर साध्या मिक्सरला हा माईक दुसऱ्या कुणी लावला तर त्याच्याकडेही बटण नसेल, त्याला तर कळणारही नाही काय होतंय, तो माझ्यासारखाच ड्रमरला दोष देईल.

अजून एक, छोटी आहे पण आहे. माईकचा खालचा फिरणारा जॉइंट कितीही आवळला तरी तीन-चार मिनिटांच्या वाजवण्यात सैल होतो आणि माईकचं तोंड उशीवर टेकतं. किकच्या माईकचा जॉइंट ठोक्याच्या हादऱ्यात टिकायला नको का?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, पोलॅरिटी सरळ करून ऐकला तर माईकचा आवाज चांगला आहे. टिचकी स्वच्छ आहे, लो गोल आहे, डी ११२ पेक्षा मधला भाग थोडा कमी आहे आणि मला तो आवडला. म्हणूनच मला बदलून हाच माईक हवाय, पैसे परत पहिली पसंती नाही.

तर माझं म्हणणं असं. माईक बदलून द्या, आणि पाठवण्याआधी त्याची पोलॅरिटी आणि जॉइंट दोन्ही तपासून पाठवा. तसं जमत नसेल तर पैसे परत करा. त्याच बॅचचे बाकीचे माईक तपासले का ते मला लेखी कळवा, कारण ही चूक एकाच माईकमधे झाली असेल असं मी धरून चालू शकत नाही. आणि बॉक्सवर किंवा निदान आतल्या कागदावर जवळचा आणि लांबचा असे दोन आलेख, डीबीची मर्यादा आणि एसपीएलचा आकडा छापा.

दहाही ठोक्यांच्या तिन्ही माईकच्या फाइल्स आणि स्क्रीनशॉट सोबत जोडलेत, बिल आणि सिरियल नंबरचा फोटोही आहे. माईक मूळ बॉक्समधे पॅक करून ठेवलाय. पिकअप कोणत्या दिवशी येणार ते कळवा, सकाळी अकराच्या आधी आला तर बरं, नंतर मी रेकॉर्डिंगला बसते आणि बेल ऐकू येत नाही.

तुमची ग्राहक