परवाना संपला, माझं दोन वर्षांचं काम अडकलं

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री यांस,

सविनय नमस्कार. मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. पीएचडीचा विषय, भांडुप-मुलुंडकडच्या घरकामगार बाया. ४२ मुलाखती घेतल्या, रात्री जागून शब्दन् शब्द उतरवला, आणि विभागातल्या संगणकावर त्यांचं कोडिंग केलं, म्हणजे एका आशयाच्या वाक्यांना एकच खुणेचं नाव (कोड) दिलं. सोमवारी फाइल उघडायला गेले, तर या कोडिंगच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपलेला. प्रवेशाच्या वेळी शब्द दिला होता, ‘पीएचडी होईपर्यंत चालू ठेवू.’ आता म्हणतात, निधी नाही, तुमचं तुम्ही घ्या. कशातून घेऊ? चार महिन्यांचं मानधन थकलंय माझं!

केंद्राने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी दिले, १३,००० हून जास्त संशोधन-नियतकालिकं वाचायला खुली झाली. त्याचा मला फायदाच झाला. पण लेख वाचून पुढे काम कशावर करायचं? एनव्हिवो, अ‍ॅटलास.टीआय, मॅक्सक्यूडीए या कोडिंगच्या सॉफ्टवेअरांतलं काहीही त्या योजनेत नाही. स्वतः घ्यायचं तर वर १८ टक्के जीएसटी.

ही सॉफ्टवेअरं उपयोगाची आहेत. ‘वेगळा कप’ हा कोड उघडला की १७ जणींची वाक्यं एकाखाली एक येतात. त्यांतल्या एक मावशी म्हणाल्या होत्या, ‘घरातलीच हाय म्हनतात, पन माजा कप बेसिनच्या खाली.’ हे सांगताना त्या हसल्या होत्या. ते हसू कसलं, हे कुठलंच यंत्र सांगत नाही, त्यासाठी मी ती फीत नऊ वेळा ऐकलीय. यंत्र फक्त सापडवून देतं. एवढं काम टॅगेट किंवा क्वालकोडरवरही होतं, आणि ती दोन्ही फुकट आहेत. पण सल्लागार समितीत पहिला प्रश्न, ‘सॉफ्टवेअर कोणतं?’ फुकटचं सांगितलं की तोंडं वाकडी होतात.

तेव्हा राज्यातल्या विद्यापीठांसाठी एकच सामायिक परवाना घ्या. जमत नसेल तर फुकट सॉफ्टवेअर चालेल असं परिपत्रक काढा आणि ते मराठीतून शिकवा.

पाहणी समिती यायची म्हटलं की भिंतींना रंग लागतो, दारात कुंड्या येतात, त्याला निधी कधी कमी पडलेला मी पाहिला नाही. शिकवणाऱ्यांना तुम्ही तासावर राबवता, संशोधन त्यांच्या खिशातून करून घेता, आणि वर दर्जा घसरला म्हणून त्यांनाच बोलता. त्या ४२ बायांनी हातातलं काम टाकून मला वेळ दिला. त्यांना मी काय सांगू?

३० तारखेला माझा प्रगती अहवाल आहे. परवाना त्याआधी सुरू होणार की नाही, ते लेखी कळवा.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका, मुंबई