रवी, डेरा, शिंकं भंगारात देऊ नका, वाचनालयाला द्या

सप्रेम नमस्कार,

आपल्या वेशीवरच्या वीरगळावर गाईंसाठी लढून पडलेला वीर अजून दिसतो. दगडाचा, म्हणून टिकला. त्या काळच्या कुणब्याच्या घरातली रवी, दोर, डेरा मात्र उरले नाहीत. लाकूड वाळवीनं खाल्लं, माती फुटली, दोर कुजले. तरी १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत घुसळण आहेच: व्यासांच्या बुद्धीनं शब्दब्रह्माचा सागर घुसळून लोणी काढलं आणि ज्ञानाच्या आगीवर ते कढवलं, असं माउली गीतेबद्दल सांगतात. ऐकणाऱ्यांच्या घरी रोज पहाटे हेच चालायचं.

आपल्या आज्यांपर्यंत ते चालत आलं. मिक्सर आला, डेअरीला दूध जाऊ लागलं आणि रवी माळ्यावर गेली. आता घरं पाडून बांधताना ती थेट चुलीत जाते. म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोरसाच्या साधनांचं दालन करायचं ठरलं आहे.

घुसळखांब, रवी, तिचा दोर, डेरा, माथणी, चरवी, कासंडी, दूध तापवायची गोरशी, शिंकं, तुपाचा चामडी बुधला, वासराचं मुसकं, जे असेल ते द्या. मोडकं चालेल. कायमचं द्यायचं नसेल तर ठेवायला द्या, नाव लिहून पावती देऊ.

एक कळकळीची विनंती, मातीचं भांडं घासूनपुसून आणू नका. मातीत मुरलेला स्निग्धांश फार काळ टिकतो. कच्छमधल्या कोटडा भडलीच्या हडप्पाकालीन खापरांतून सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दुधाचा माग लागला, तो अशाच अंशावरून. ते संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं.

वस्तूंइतक्याच आम्हाला त्या वापरणाऱ्या बायका हव्या आहेत. दोराचे वेढे रवीला किती द्यायचे, उन्हाळ्यात लोणी विरघळू नये म्हणून गार पाणी कधी ओतायचं, लोणी आल्याचं आवाजावरून कसं कळतं, हे कुठल्याच कपाटात ठेवता येत नाही. ज्यांच्या घरी अशी आजी, मावशी, आत्या आहे त्यांनी कळवावं. आम्ही घरी येऊन त्यांचं घुसळणं आणि बोलणं चित्रित करू.

खोलीची फरशी, वाळवीचा बंदोबस्त आणि काचेची कपाटं यांसाठी पैसेही लागतील. मुंबई-पुण्याच्या गावकऱ्यांनी जमेल तेवढी रक्कम पाठवावी. सुतारकाम येणाऱ्यांनी दोन दिवस दिले तरी मोठी मदत होईल. वस्तू आणि देणग्या वाचनालयात रोज संध्याकाळी स्वीकारल्या जातील. जड डेरा किंवा खांब असेल तर निरोप द्या, आमची मुलं टेम्पो घेऊन येतील.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ